न घेतलेली गोळी आणि पाचवी आज्ञा



उपवासकाळ आला की शनिवारी संध्याकाळी पापस्वीकारासाठी रांग लागते. रांगेत उभे असताना आपण मनातल्या मनात उजळणी करतो. रागावलो, खोटे बोललो, मिस्सा चुकवली, शेजाऱ्याबद्दल वाईट बोललो. आम्हीही इतकी वर्षे या रांगेत उभे राहत आलो. पण ‘फादर, मी तीन महिने बी.पी.ची गोळी घेतली नाही’ असे कुणी सांगितले असेल, असे आम्हाला वाटत नाही. सांगितलेच तर फादरही बहुधा हसतील आणि आधी डॉक्टरांकडे जा म्हणतील. गोळी ही काय पापपुण्याची गोष्ट आहे? ती ज्याची त्याची खासगी बाब. शरीर माझे, पैसे माझे. घेईन, नाहीतर नाही घेणार!

हे आम्हालाही बरेच दिवस पटत होते. पण आम्ही चार-पाच जण धर्मग्रामातील आजाऱ्यांना भेटायला जातो, आणि गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसू लागली. लकव्याने किंवा हृदयविकाराने अंथरूण धरलेल्या माणसाने कधीतरी, कुठल्यातरी साध्या कारणाने, गोळी सोडलेली असते. गोळी सोडणारा एकटा असतो. तिचे पैसे मात्र घरातले सगळे भरत असतात, आणि ते वर्षानुवर्षे भरत राहतात. म्हणून हा प्रश्न आपल्यासमोर पुन्हा एकदा नीट मांडावा असे वाटले.

त्यातले एक घर सांगतो. घरच्यांना विचारूनच सांगत आहोत. नाव देत नाही. ओळखणारे ओळखतील, पण त्यांनी ते मनातच ठेवावे ही विनंती.

हे बंधू गुलमंडीवरील एका साड्यांच्या दुकानात बावीस वर्षे सेल्समन होते. गुलमंडी आपल्याला नवी नाही. लग्नाचा बस्ता असो, पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक असो की नाताळचे कपडे असोत, गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून कुरकुर करीत का होईना, आपण तिथेच जातो. आपल्यातल्या कित्येक भगिनींना याच बंधूंनी गादीवर बसून साड्या उलगडून दाखवल्या असतील. सकाळी दहाला दुकान उघडायचे ते रात्री नऊ-साडेनऊला बंद. दुपारचा डबा जमेल तेव्हा, चहा दिवसातून सात-आठ वेळा, आणि गिऱ्हाईक कमी झाले की तंबाखूची चिमूट. २०१४ साली चर्चच्या आवारात आरोग्य शिबिर झाले, तेव्हा त्यांचा रक्तदाब १७०/१०४ निघाला. वय तेव्हा ४३. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, महिन्याने परत दाखवा असे सांगितले.

दोन महिने त्यांनी गोळी घेतली. तिसऱ्या महिन्यात लग्नसराई सुरू झाली. पट्टी संपली, आणि दवाखान्याची वेळ व दुकानाची वेळ एकच. चार दिवस गोळी नव्हती, काही झाले नाही. पंधरा दिवस नव्हती, तरी काही झाले नाही. मग पत्नीने विचारले तेव्हा ते म्हणाले, “मला काहीच होत नाही ना! डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. उगं सवय कशाला लावून घ्यायची?”

इथे जरा थांबावेसे वाटते, कारण हे शेवटचे वाक्य आम्ही निदान दहा-पंधरा घरांत ऐकले आहे. दुखणे म्हणजे शरीराची हाक, असे आपण समजतो. जिथे दुखत नाही तिथे रोग नाही. पण वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर आणि रक्तातील वाढलेली चरबी बहुतेकांना जाणवतच नाहीत. रक्तवाहिनीवर वर्षानुवर्षे जास्तीचा दाब पडत राहिला की तिची भिंत जाड आणि कडक होते, आतल्या बाजूने चरबीचा थर धरतो, मेंदूतल्या बारीक वाहिन्या कमकुवत होतात. साखर आणि तंबाखू या कामाला हातभार लावतात. मग एक दिवस कुठेतरी गुठळी अडकते, नाहीतर वाहिनी फुटते. गोळी हा दाब खाली ठेवते, इतकेच तिचे काम. ती रोग मुळापासून उपटून टाकत नाही. म्हणून गोळी चालू असताना १३०/८० आकडा आला तर त्याचा अर्थ गोळी काम करते आहे असा घ्यायचा, रोग गेला असा नव्हे. चष्मा लावल्यावर नीट दिसते म्हणून कुणी चष्मा टाकून देत नाही. गोळीची मात्र सवय लागेल अशी आपल्याला भीती!

२०१८ ची दिवाळी तोंडावर आली होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी चारच्या सुमारास साडीची घडी घालता घालता त्यांचा उजवा हात खाली पडला, तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द जड येऊ लागले. कुणी पाणी पाजले, कुणी पित्त म्हणाले, कुणी तळपायाला तेल चोळले. सगळे आपुलकीनेच चालले होते. घरी फोन गेला. पत्नी छावणीतून रिक्षाने निघून गुलमंडीच्या गर्दीतून दुकानापर्यंत पोचेस्तोवर तास गेला. तिथून एका दवाखान्यात, तिथून स्कॅनसाठी दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. योग्य ठिकाणी ते पोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. (तोंड वाकडे होणे, एक हात न उठणे, बोलणे अडखळणे, यांतले एक जरी अचानक दिसले तरी पाणी, तेल काही न करता सरळ मोठे रुग्णालय गाठावे. ही एवढी ओळ कापून भिंतीवर चिकटवली तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.)

जीव वाचला. रुग्णालयातील खर्चाचा काही भाग सरकारी योजनेतून निघाला, बाकीच्यासाठी चिकलठाण्याकडे घेतलेला छोटा प्लॉट गेला. मग पत्नीचे गंठण गेले. दुकानाच्या शेठनी तीन महिने पगार दिला, हा त्यांचा चांगुलपणाच. चौथ्या महिन्यात त्यांनी दुसरा माणूस ठेवला, त्यालाही चूक म्हणता येणार नाही. थोरली मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची फी कुठून आणायची आणि वडिलांना उठवायला-बसवायला घरी कोण राहणार, हे दोन्ही प्रश्न सुटले, कारण तिचे शिक्षण सुटले. धाकटा दहावी झाल्यावर मोबाईलच्या दुकानात लागला, तेही गुलमंडीवरच, वडिलांच्या जुन्या दुकानापासून पाच मिनिटांवर. पत्नी चार घरी स्वयंपाकाला जातात. निघण्याआधी नवऱ्याचे अंग पुसणे, कपडे बदलणे, भरवणे. डायपर, व्यायाम करून घेणारा माणूस, कमोडची खुर्ची, या गोष्टी कुठल्याही योजनेत बसत नाहीत. गेल्या वर्षी त्यांची स्वतःची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली आहे, त्या एक दिवसाआड घेतात. तेवढेच पैसे वाचतात. हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही, मुलीने सांगितले.

आणि ज्या गोळीपासून हे सुरू झाले, तिची किंमत काय? रक्तदाबाची साधी, वर्षानुवर्षे वापरात असलेली गोळी जनऔषधी दुकानात घेतली तर एका दिवसाचा खर्च अर्ध्या चहापेक्षाही कमी पडतो. ते बंधू दिवसाला सात-आठ चहा पीत होते.

हे असे एकट्याच घराचे नाही. ‘इंटरहार्ट’ नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे असे दिसले की आपल्या दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतील लोकांना ५९ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे आधी. त्या सहा वर्षांत मुलाचे कॉलेज असते, मुलीचे लग्न असते, घराचे हप्ते असतात.

तर मग मूळ प्रश्नाकडे येऊ. गोळी न घेणे हे पाप आहे का?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मंजूर केलेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात आरोग्याची काळजी कुठे घातली आहे हे पाहून आम्ही चकित झालो. ती पाचव्या आज्ञेखाली आहे, मनुष्यहत्येच्या निषेधाच्या त्याच प्रकरणात. जीवन आणि आरोग्य हे देवाने आपल्या हाती सोपवलेले दान असल्याने त्याची वाजवी काळजी घ्यावी, आणि ती घेताना इतरांच्या गरजा ध्यानात ठेवाव्यात, असा त्याचा आशय आहे. तंबाखू, दारू आणि खाण्याचा अतिरेक यांचाही तिथेच उल्लेख आहे. आम्हाला महत्त्वाची वाटली ती ‘इतरांच्या गरजा’ ही बाजू. शरीर माझे आहे हे खरे, पण त्या शरीराच्या खांद्यावर कुणीतरी बसलेले असते. त्या सेल्समन बंधूंचा उजवा हात हा मुलीच्या फीचाही हात होता. तो पडला तेव्हा तिला कुणी विचारले नव्हते.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पाप आहे, म्हणून गोळी घ्या, आमेन! पण असे म्हणून आम्ही एकदा एका घरात मोठी चूक केली आहे. आजाऱ्याला भेटायला गेलो, फळे दिली, प्रार्थना केली आणि निघताना आमच्यापैकी एकाने सहज म्हटले, “वेळेवर गोळी घेतली असती तर ही वेळ आली नसती हो.” ते गृहस्थ काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड केले. खाली जिना उतरेपर्यंत आमच्यापैकी कुणी कुणाशी बोलले नाही. बोललो ते खोटे नव्हते. पण ज्याला उठून बसता येत नाही त्याच्या उशाशी ते सांगून आम्ही काय साधले?

दोष कुठे आणि किती, हे ठरवायचे तर आधी हे पाहावे लागते की त्या माणसाच्या हाती काय होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांचे उदाहरण घ्या. मार्च १९४४ मध्ये त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले त्या दिवशी तो ३००/१९० पर्यंत चढला होता. दिमतीला नौदलाचे डॉक्टर होते. पण रक्तदाबावर रोज घेता येईल अशी धड गोळीच तेव्हा नव्हती. ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस येऊ लागली. आपल्या शहरात १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९४० च्या दशकापासूनच मधुमेहाने ग्रासले होते. पत्नी डॉ. सविता आंबेडकर स्वतः डॉक्टर, पथ्य आणि औषध त्या जातीने पाहत. तरीही ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी बाबासाहेब गेले. या दोघांना कोण दोष देईल? त्या काळाच्या हातातच फारसे काही नव्हते.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन एक अभ्यास सुरू झाला. हृदयविकार कुणाला गाठतो आणि कुणाला सोडतो, हे डॉक्टर तिथे वर्षानुवर्षे नुसते पाहत आणि लिहीत राहिले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना आज आपण ‘जोखमीचे घटक’ म्हणतो, तो शब्दप्रयोग तिथल्या १९६१ च्या लिखाणातून रूढ झाला. तोपर्यंत झटका म्हणजे दैव. त्यानंतर तो बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखा झाला. पुढे औषधे आली, स्वस्त झाली. आज वरचा रक्तदाब दहा अंकांनी खाली आणला तर लकव्याचा धोका सुमारे पाव हिश्श्याने घटतो, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून माहीत आहे. म्हणजे १९४५ साली जे केवळ दुर्दैव होते, त्यात आता आपल्या करण्या-न-करण्याचा वाटा आला आहे. उपाय हाताशी आला की जबाबदारीही येते, मग ती आपल्याला हवी असो वा नसो.

पण ती कुणावर येते? जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेले भारताचे आकडे असे. ३० ते ७९ वयाच्या, रक्तदाब वाढलेल्या दर १०० जणांपैकी ३७ जणांनाच तो वाढला आहे हे माहीत असते. ३० जण औषध घेतात. १५ जणांचाच रक्तदाब काबूत असतो. असे शंभर जण रविवारी आपल्या चर्चच्या बाकांवर बसले आहेत असे समजा. त्यातल्या त्रेसष्ट जणांना कल्पनाच नाही. त्यांना दोष कसा देणार? आणि जे औषध घेऊनही काबूत नाहीत ते सगळे आळशी, बेफिकीर आहेत असे म्हणायचे काय?

हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे असा एक जुना समज आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांत मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा लकवा हे तिथले सर्वांत मोठे कारण निघाले. सातातला एक मृत्यू लकव्याने, आणि असे बहुतेक मृत्यू घरीच. गडचिरोलीच्या खेड्यात कुणी बसून खात नाही. उलट बाजूही पाहा. डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकार झाला, त्यावरचे त्यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. इतरांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरचेही स्वतःच्या जगण्याकडे दुर्लक्ष होऊ शकते, ही त्यातली प्रांजळ कबुली आम्हाला फार धीर देऊन गेली. जे त्यांना अवघड गेले ते बारा तास दुकानात राबणाऱ्याला सोपे जाईल अशी अपेक्षा आपण कशी करावी?

त्या बंधूंच्या आणि गोळीच्या मध्ये काय काय उभे होते ते मोजून पाहा. सरकारी दवाखान्याची बाह्यरुग्ण वेळ सकाळची, म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा. खासगीत जावे तर तपासणीची फी. २०१४ साली माणूस आजारी पडला की खर्चाचा मोठा वाटा स्वतःच्या खिशातूनच जात असे. २००४-०५ साली देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांपैकी ६९ रुपये कुटुंबांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. सुधारणा खरीच मोठी आहे. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आली. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेने कित्येकांची अँजिओप्लास्टी केली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधे निःशुल्क झाली. तरी एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. योजना माणूस पडल्यावर धावून येते. तो उभा असताना, ‘काय हो, या महिन्यात गोळी आणली का?’ हे विचारायला कुणी येत नाही.

आणि आपण स्वतः काय करतो? इथे आम्हाला धर्मग्राम म्हणून थोडे बोलायचे आहे, राग मानू नये. आपल्याकडे प्रेम तेलातुपाने मोजतात. चर्चच्या सणाची बिर्याणी, बारशाचा केक, वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतरचे भजी-जिलेबी. ज्याला शुगर आहे तो हात आखडता घेतो, तर आपण म्हणतो, “अहो, एकानं काय होतंय? आमच्या आनंदात तुम्ही नाही म्हणणार?” तो बिचारा खातो. दुसऱ्या घरीही एकच खातो, तिसऱ्या घरीही. वरून मीठ घेणाऱ्याला आपण चवीचा माणूस म्हणतो. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नव्हे, इतके मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण साधारण त्याच्या दुप्पट खातो, त्यात पापड, लोणचे, फरसाण, बेकरीचे पदार्थ आलेच. घरातल्या बायकांची मशेरी तर तंबाखूत धरलीच जात नाही. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे आपल्या पोरांना विचारा. या सगळ्यात ज्याने गोळी सोडली तो एकटा चुकला, आणि त्याला आग्रह करणारे, त्याला सुट्टी न देणारे, पाहून गप्प बसणारे आपण सगळे निर्दोष?

काय केल्याने फरक पडतो याचे एक उदाहरण आपल्या राज्यातच आहे. २०१७ च्या अखेरीस देशातल्या पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी सातारा, वर्धा, भंडारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे घेतले. त्यात नवे औषध काहीच नव्हते. सगळीकडे त्याच दोन-तीन साध्या गोळ्या, महिन्याच्या महिन्याला हातात पुरवठा, रक्तदाब मोजायला डॉक्टरऐवजी नर्सही चालेल, आणि जो ठरलेल्या दिवशी आला नाही त्याला फोन किंवा घरी भेट. २०२२ साली या कामाचा संयुक्त राष्ट्रसंघाच्या पातळीवर गौरव झाला. आम्हाला त्यातले शेवटचे कलम सर्वांत मोलाचे वाटते. कुणीतरी वही उघडून पाहते, अमुक माणूस आला नाही, आणि विचारायला जाते.

काइनाने परमेश्वराला भावाबद्दल जो उर्मट उलट प्रश्न केला तो आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. तो पाचव्या आज्ञेच्याही आधीचा आहे. आजवर आम्ही पाचवी आज्ञा गोळी न घेणाऱ्यापुढे धरली. पण ती न विचारणाऱ्यापुढेही धरता येते, असे आता वाटू लागले आहे.

मात्र विचारण्यालाही हद्द असावी. आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, वय ८४. मुलगा आणि सून त्यांना गोडाचा कण देत नाहीत. नातू गुपचूप गुलमंडीवरून गरम इमरती आणतो, तिचा चतकोर तुकडा त्या डोळे मिटून खातात. हे आम्हाला कळले तेव्हा आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, नातवाला समज द्यावी. बाकीच्यांनी त्याला गप्प केले. धर्मशिक्षण ग्रंथातही त्याच ठिकाणी शरीराचीच पूजा मांडू नका असा इशारा आहे. शंभर वर्षे जगणे हा काही ख्रिस्ती माणसाचा ध्यास नव्हे. ४३ वर्षांच्या, तीन जीव अंगावर असलेल्या माणसाला जे विचारायचे ते ८४ वर्षांच्या आजींना त्याच आवाजात विचारू नये. आणि ४३ वर्षांच्या माणसालाही विचारावे ते पोलिसासारखे नव्हे. “गोळी घेतली का?” यापेक्षा “मी गुलमंडीकडे चाललोय, तुमची पट्टी आणू का?” हे बरे.

तर आता कामाचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सायकल स्टँडजवळ टेबल असेल. आपल्या धर्मग्रामातील दोन परिचारिका भगिनी रक्तदाब मोजतील. तीस वर्षांपुढील प्रत्येकाने यावे, काही होत नसले तरी, किंबहुना काही होत नसेल तर जरूर यावे. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे, मोजताना बोलू नये. आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर घाबरू नये, लगेच स्वतःच्या मनाने गोळीही सुरू करू नये. पुन्हा एकदोन दिवस मोजून डॉक्टरांना दाखवावे. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी रिकामी पट्टी सोबत आणावी. ज्यांना परवडत नाही त्यांनी फादरांना वेगळे भेटावे, ते कुणाला कळणार नाही.

टेबलावर एक वही असेल. वहीशी ते गुलमंडीचे बंधू बसणार आहेत. उजवा हात अजून उठत नाही, पण डाव्या हाताने आकडे लिहायला ते शिकले आहेत. जो मागच्या महिन्यात आला नाही त्याला का आला नाहीत हे विचारण्याचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले आहे. त्यांना बोलायला वेळ लागतो. त्यांचा प्रश्न पूर्ण होईपर्यंत कृपया थांबावे.